मुसाफिर की मुकीम?

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत व्हिसाबद्दल दोनच वाक्यं ऐकू येतात. ‘व्हिसा आला’ आणि ‘व्हिसा नाही आला’. पहिल्यावर घरात गोड होतं, दुसऱ्यावर एजंटाचा उद्धार होतो. पण या दोन वाक्यांच्या मध्ये एक काळ असतो. माणूस घरून निघालेला असतो, पण पोहोचलेला नसतो. तो कामावर नसतो आणि सुट्टीवरही नसतो. त्या काळाबद्दल कुणी बोलत नाही. आखातातून आलेल्या पैशाबद्दल, त्या पैशाने उभ्या राहिलेल्या बंगल्यांबद्दल आणि मशिदींच्या मिनारांबद्दल पुष्कळ बोललं जातं. या मधल्या काळाबद्दल का बोललं जात नाही, आणि त्याची किंमत कोण भरतं, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

हा काळ मी किश बेटावर घालवला आहे. २००७ चा मार्च, एकूण बावीस रात्री. हे इथे सांगतोय ते आठवणींसाठी नाही. आज वेगळ्या विमानतळांवर, वेगळ्या सीमांवर हेच चालू आहे म्हणून सांगतोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. किश हे इराणच्या किनाऱ्याजवळचं एक प्रवाळ बेट आहे. क्षेत्रफळ साधारण नव्वद चौरस किलोमीटर. इराणने ते मुक्त व्यापार क्षेत्र केलं आहे, त्यामुळे तिथे चौदा दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. दुबई-शारजाहून विमान पाऊण तासात पोहोचतं. आता यात संयुक्त अरब अमिरातीचा जुना नियम मिसळा. व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसाची मुदत संपली की त्याने देशाबाहेर जायचं आणि नवा व्हिसा निघाला की परत यायचं. भारतात येऊन परत जायचं तर तिकीट महाग. म्हणून जवळचं, स्वस्त आणि व्हिसा न मागणारं ठिकाण शोधलं गेलं. ते ठिकाण किश. व्हिजिट व्हिसावर येऊन काम शोधणारे, काम मिळालेले पण नोकरीचा व्हिसा न निघालेले, जुनी कंपनी सोडून नवी धरणारे असे सगळे तिथे जाऊन बसायचे. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो, इजिप्शियन. कुणी दोन दिवस, कुणी दोन आठवडे, कुणी दोन महिने.

गंमत अशी की हेच किश इतिहासात व्यापाऱ्यांचं बेट म्हणून गाजलेलं आहे. शेख सादींनी १२५८ मध्ये लिहिलेल्या ‘गुलिस्तान’मध्ये या बेटावरच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट आहे. त्याच्याकडे दीडशे उंट आहेत. तो सादींना रात्रभर आपले बेत ऐकवतो. इराणचं गंधक चीनला न्यायचं, चिनी भांडी रूमला, रूमचं रेशीम हिंदुस्थानात, हिंदुस्थानचं पोलाद हलबला, तिथून काच येमेनला. एवढा एकच प्रवास झाला की स्वस्थ बसणार, म्हणतो. सादी ही गोष्ट त्याच्या हावरेपणावर सांगतात. मला मात्र तिथे बसून वेगळंच दिसलं. त्या माणसाच्या बेतात वारा आहे, बाजारभाव आहे, आयुष्य पुरेल की नाही ही शंकाही आहे. परवानगी कुठेच नाही. साडेसातशे वर्षांनी त्याच बेटावर आम्ही शेकडो माणसं एका फॅक्सची वाट बघत होतो.

वाट बघणं म्हणजे नुसतं बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी वाट बघितलेली नसते. वाट बघण्यात फार काम असतं. सकाळी उठल्यावर पहिलं काम हॉटेलच्या काउंटरवर जाऊन यादी बघायची. ज्यांचे व्हिसे आले त्यांची नावं तिथे लागायची. नाव नसेल तर मॅनेजरला विचारायचं. तो मान वर न करता म्हणायचा, ‘फर्दा, इन्शाल्लाह.’ फर्दा म्हणजे उद्या. फारसीतला हा एक शब्द तिथल्या प्रत्येक माणसाला पाठ झाला होता, फिलिपिनो मुलींनासुद्धा.

त्यानंतर पैशाचं काम. दिरहम चालायचे, पण दुकानदार आपल्या सोयीचा भाव लावायचे, म्हणून थोडे बदलून घ्यावे लागायचे. एका दिरहमला साधारण अडीच हजार रियाल. पण लोक बोलायचे तुमानमध्ये, म्हणजे दहा रियालचा एक तुमान. नोटेवर एक आकडा, दुकानदाराच्या तोंडी दुसरा. नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास गोंधळायचा, आणि जुना माणूस त्याला शिकवायचा. जुना म्हणजे आठ दिवसांपूर्वी आलेला.

आम्हा मराठी माणसांना एक फायदा होता. साबण हवा असेल तर ‘साबून’ म्हटलं की मिळायचा. कागद, बाजार, दुकान, रुमाल, दरवाजा, पनीर, हप्ता, सगळं थोड्याफार फरकाने समजायचं. पुढे लक्षात आलं की आपल्या मराठीत सरकारी कामाचे जे शब्द आहेत, अर्ज, मुदत, मंजूर, हुकूम, शिक्का, दस्तऐवज, तेही फारसीच्याच वाटेने आपल्याकडे आले. म्हणजे आमच्या भोगवट्याची सगळी शब्दसंपत्ती तिथलीच होती.

मग फोटोकॉपी. पासपोर्टच्या प्रती, जुन्या व्हिसाची प्रत, तिकिटाची प्रत. व्हिसा आला तरी मूळ कागद पलीकडच्या विमानतळावर ठेवलेला असायचा, इथे त्याची फॅक्सप्रत यायची. प्रत पुसट आली की विमान कंपनीचा माणूस ती घ्यायचा नाही. पुन्हा फोन, पुन्हा फॅक्स, पुन्हा पैसे. तिकिटाची तारीख पुढे ढकलायची, ती किती वेळा ढकलता येते हे विचारायचं. चौदा दिवस पुरे झाले की बेटावरची मुदत वाढवून घ्यायची. कपडे न्हाणीत धुवायचे आणि खिडकीत वाळत घालायचे, कारण लाँड्रीचा दर दोन वेळच्या जेवणाइतका. औषध संपलं की त्याच गोळ्या इथे कुठल्या नावाने मिळतात ते शोधायचं. मंडणगडकडचे एक चाचा मधुमेहाचे होते. त्यांच्या गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन आम्ही दोघं तीन दुकानं फिरलो, तेव्हा कुठे तिसऱ्या ठिकाणी मिळाल्या.

दिवसांचा हिशेबही वेगळा. इराणमध्ये शुक्रवार सुट्टीचा. पलीकडे अमिरातीत सरकारी कचेऱ्या तेव्हा शुक्रवारी आणि शनिवारी बंद असायच्या. म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत नाव लागलं नाही तर रविवारपर्यंत विषय संपला. किशचं घड्याळ दुबईपेक्षा अर्धा तास मागे. एजंटाला फोन करताना हा अर्धा तास लक्षात ठेवावा लागायचा, नाहीतर तो जेवायला गेलेला असायचा. त्यातच एकवीस मार्चला नवरोज आला. इराणी कुटुंबं सुट्टीला बेटावर उतरली, हॉटेलचे दर वाढले, आणि आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना खोल्यांतून काढून एका हॉलमध्ये गाद्यांवर टाकलं. हॉटेलवाल्याचंही चुकलं म्हणता येणार नाही. त्याचे खरे पाहुणे आले होते.

संध्याकाळी सगळे समुद्रावर जायचे. बेटाच्या पश्चिम टोकाला एक जुनं ग्रीक जहाज रुतलेलं आहे. १९४३ मध्ये स्कॉटलंडमध्ये बांधलेलं, १९६६ मध्ये इथे अडकलं. काढायचे प्रयत्न फसले तेव्हा मालकांनी सोडून दिलं. आता ते प्रेक्षणीय स्थळ आहे. सूर्य मावळताना लोक त्याचे फोटो काढतात. आमच्यातला एक सोलापूरचा वेल्डर त्याच्याकडे बघून म्हणाला, ‘याचा स्पॉन्सर पळाला.’ त्या दिवशी आम्ही पुष्कळ हसलो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या खोलीत एक प्रश्न निघाला आणि तो मला आजही महत्त्वाचा वाटतो. आपण मुसाफिर आहोत की मुकीम? म्हणजे प्रवासात आहोत की मुक्कामी?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रवासात असलेल्या मुसलमानाला जोहर, असर आणि इशाच्या चार रकात फर्ज नमाजऐवजी दोन रकात पढायची सवलत आहे. तिला कसर म्हणतात. पण एका जागी ठरावीक दिवस राहायचा इरादा केला की माणूस मुकीम होतो आणि पूर्ण नमाज पढतो. हनफी मसलकात ही मर्यादा पंधरा दिवसांची. शाफईंमध्ये येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडून चार दिवसांची. देशावरचे मुसलमान बहुतेक हनफी, आम्ही कोकणी शाफई, केरळचे मापिलाही शाफई. खोलीत तिन्ही होते.

पण आमचा इरादा काय होता? कुणी विचारलं असतं तर आम्ही म्हटलं असतं, उद्या जाणार. दुसऱ्या दिवशीही हेच म्हटलं असतं. ज्याला स्वतःलाच माहीत नाही की तो किती दिवस राहणार, त्याचं काय?

फिकहच्या अभ्यासकांनी या माणसाचा विचार हजार वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. हनफी म्हणतात, ‘आज निघेन, उद्या निघेन’ अशा अवस्थेत असलेला माणूस कितीही काळ अडकला तरी मुसाफिरच. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (र.) अझरबैजानमध्ये बर्फामुळे सहा महिने अडकले आणि त्या काळात कसर करत राहिले, अशी रिवायत आहे. शाफई म्हणतात, काम आज होईल, उद्या होईल अशा आशेवर थांबलेल्याने अठरा दिवसांपर्यंत कसर करावी. मक्का विजयानंतर प्रेषित मुहम्मद (स.) मक्केत जितके दिवस राहिले आणि कसर करत राहिले, ते दिवस रिवायतींत अठरा आणि एकोणीस असे आलेले आहेत, त्यावरून ही मर्यादा.

म्हणजे आमच्या खोलीत असं झालं. पहिले अठरा दिवस सगळे एकत्र दोन रकात पढायचे. माझे अठरा दिवस पुरे झाले आणि त्यानंतर सोलापूरचा वेल्डर इमाम म्हणून दोन रकातींवर सलाम फेरायचा, आणि मागे उभे असलेले आम्ही दोघं-तिघं कोकणी आणि मलबारी उठून उरलेल्या दोन पुऱ्या करायचो. एकाच खोलीत, एकाच दिवशी, एकाच फॅक्सची वाट बघणारे. अर्धे अजून वाटेवर, अर्धे मुक्कामी. कुणीही कुणाला चूक म्हटलं नाही.

मसलकांची तुलना करायला मी हे सांगत नाही. माझा मुद्दा असा की ज्या कायद्याला लोक जुनाट म्हणतात त्या कायद्यात ‘कधी जाणार हे माहीत नसलेला माणूस’ नावाचं एक खानं आहे. त्याच्यावरचा बोजा किती कमी करायचा याचा नियम आहे. आणि ज्या कायद्याला आधुनिक म्हणतात, त्या व्हिसाच्या कायद्यात या माणसाला खानंच नाही. त्याच्या दृष्टीने माणूस एकतर आत आहे किंवा बाहेर. बाहेर असताना तो काय खातो, कुठे झोपतो, किती दिवस, हा कुणाचाच प्रश्न नाही.

मग तो प्रश्न कोणाच्या खिशातून सुटतो? माझ्या वहीतला हिशेब देतो. गादीचे रोजचे तीस दिरहम, बावीस रात्रींचे ६६०. जेवण रोजचे पंधरा, ३३०. फोन ११०. फॅक्स आणि झेरॉक्स ४०. मुदतवाढीची दगदग ६०. हे झाले १२००. विमानाचं जाऊन-येऊन तिकीट ४००. एकूण १६००. मला स्टोअरकीपर म्हणून ठरलेला पगार होता महिना १५००. म्हणजे कामाचा पहिला दिवस उजाडण्याआधी एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त पैसे गेले. वेल्डरचा पगार माझ्याहून कमी, खर्च तेवढाच.

आता बघा, या बावीस दिवसांत कोणाचं काय झालं. कंपनीला एक माणूस तयार मिळाला, हवा तेव्हा बोलावता येईल असा, आणि त्याला एक दिरहमही द्यावा लागला नाही. एजंटाचे पैसे आधीच वसूल झालेले. विमानात गर्दी, हॉटेलात गर्दी. तोटा एकट्या मजुराचा. पुण्याच्या आयटी कंपनीत एखादा इंजिनीअर काम नसताना थांबला तर त्याला ‘बेंचवर’ आहे म्हणतात आणि बेंचवरही पगार मिळतो. आम्ही बेंचवरच होतो, फक्त बेंचचं भाडं आमच्याकडून घेतलं जात होतं. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत पुढे ढकलली गेली आणि इंजिनीअर मायदेशी अडकले की पहिल्या पानावर बातमी येते. यायलाच हवी, त्यांचाही त्रास खराच आहे. पण वेल्डर अडकतो तेव्हा बातमी यायला त्याला मरावं लागतं.

हे मी रागाने लिहिलेलं वाक्य नाही, झालेली गोष्ट आहे. १० फेब्रुवारी २००४ रोजी किशहून शारजाला येणारं एक फोकर ५० जातीचं विमान उतरताना कोसळलं. विमानात ४६ माणसं होती, त्यातली ४३ गेली. प्रवाशांत अनेकजण व्हिसा बदलून परतणारे कामगार होते, भारतीयही होते. म्हणजे त्यांचा फॅक्स आला होता. यादीत नाव लागलं होतं. कुणीतरी घरी फोन करून ‘व्हिसा आला’ असं सांगितलंही असेल. मी किशला गेलो तेव्हा त्या घटनेला तीन वर्षं झाली होती आणि विमानात बसताना लोक मोठ्याने दुआ पढायचे. पाऊण तासाचा हा प्रवास कुणाच्याही पोटासाठी आवश्यक नव्हता. पासपोर्टवर बाहेर गेल्याचा एक शिक्का आणि परत आल्याचा एक शिक्का, एवढ्यासाठी ती माणसं समुद्रावरून जाऊन येत होती.

यावर दोन आक्षेप येतात आणि ते ऐकून घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप : प्रत्येक देशाला आपल्या सीमेवर नियम करायचा हक्क आहे. मान्य. मी तो नाकारत नाही. पण नियम करण्याचा हक्क आणि नियमाचा खर्च सगळ्यांत गरीब माणसावर टाकण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमिरातीच्या आजच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही, तो मालकाने करायचा आहे. चांगला कायदा आहे. पण व्हिजिट व्हिसावर आलेला माणूस कागदावर कामगारच नसतो. त्याच्या प्रतीक्षेचा खर्च भरतीचा खर्च म्हणून कुठे धरलाच जात नाही. २०२२ पासून काम शोधणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसाही सुरू झाला, ज्याला स्पॉन्सर लागत नाही. पण तो कुशल पदांसाठी आणि पदवीधरांसाठी आहे. वेल्डर, ड्रायव्हर, हेल्पर पुन्हा व्हिजिट व्हिसावरच. नियम कधी सैल होतात, कधी आवळले जातात. २००८ मध्ये ते आवळले गेले तेव्हा किशवर आणि ओमानच्या बुरैमीत माणसांची रीघ लागली होती. पुढे अनेकजण बसने ओमानची सीमा ओलांडून परत येऊ लागले. जागा बदलते, काउंटरवरची यादी तीच राहते.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा : कुणी जबरदस्ती केली होती का? स्वतःच्या मर्जीने गेले, आता भोगा. हा आक्षेप मला जास्त झोंबतो, कारण तो करणाऱ्याच्या घरातलंही कुणीतरी गेलेलं असतं. मर्जी तेव्हाच म्हणता येते जेव्हा माणसाला आधी सगळं सांगितलेलं असतं. आमच्यात रायगडचा एक मुलगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याला एजंटाने सांगितलं होतं, ‘दोन दिवस बीचवर फिरून ये.’ तो सदतीस दिवस तिथे होता. घरी रोज सांगायचा की ड्युटी लागली. आईने विचारलं काय जेवलास, की मेसच्या बिर्याणीचं वर्णन करायचा. फोन ठेवून आमच्याबरोबर नान आणि पनीर खायचा. त्याने खोटं का सांगितलं? कारण निघताना मोहल्ल्याने हार घातले होते. ज्याला हार घातला तो अडकला असं सांगता येत नाही. ही लाज त्याला आपण दिली, अमिरातीने नाही.

म्हणून माझं म्हणणं आपल्या जमातींपुढे मांडतो.

कुरआनात सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यातला आठवा आहे ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटेवरचा माणूस, अडकलेला मुसाफिर. घरी त्याची परिस्थिती चांगली असली तरी वाटेत तो निराधार झाला तर त्याचा हक्क आहे, असं उलमा सांगतात. आपल्याकडे दर रमजानला जकात निघते. ती गरिबांना जाते, विधवांना जाते, मदरशांच्या मुलांना जाते. जायलाच हवी. पण आठव्या हक्कदारासाठी किती जमातींच्या हिशेबवहीत एक ओळ असते? ज्या समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर आणि परदेशांत कमवायला गेली, ज्याच्या मशिदी परदेशातल्या कमाईवर उभ्या आहेत, त्या समाजाने मुसाफिराचा हक्क विसरावा हे मला पटत नाही. आपल्याइतके मुसाफिर दुसऱ्या कुणाकडे आहेत?

प्रत्येक तालुक्याच्या जमातीने एक छोटा मुसाफिर निधी ठेवावा. फार मोठा नको. माणूस बाहेर अडकला तर दहा-पंधरा दिवसांचं जेवण, झोपायची जागा आणि परतीचं तिकीट एवढ्याला पुरेल इतका. आखातात आपल्या गावांच्या मंडळ्या आहेतच. स्नेहसंमेलनं होतात, क्रिकेटचे सामने होतात. त्यांच्यातल्या एकाने फोन घ्यायचं काम करावं. मदत हॉटेलला किंवा तिकिटाला थेट द्यावी, म्हणजे एजंटाच्या हाती पडणार नाही. कुणी म्हणेल, अशाने एजंट अजून बेफिकीर होतील, ‘जमात बघून घेईल’ म्हणतील. ही भीती खोटी नाही. म्हणून निधीबरोबर दुसरं काम तितकंच जरुरीचं आहे.

ते काम म्हणजे जाण्याआधीची विचारणा. निकाहच्या आधी आपण मुलाची किती चौकशी करतो! परदेशी जाणाऱ्याच्या कागदांची तेवढी करत नाही. जुम्याच्या नमाजनंतर जमातीचा एक जाणता माणूस बसावा आणि जाणाऱ्याला विचारावं : व्हिसा नोकरीचा की व्हिजिटचा? कंपनीचं नाव काय? मुदत संपली तर बाहेर कुठे जायचं आणि तो खर्च कोणाचा? हे लेखी आहे का? परतीचं तिकीट आहे का? नोंदणीकृत एजंटाने सेवाशुल्क म्हणून तीस हजार आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा आपल्या सरकारचा नियम आहे, हे ठाऊक आहे का? दहावी न झालेल्याला आखातात नोकरीला जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ती कटकट वाटते, पण तिच्याबरोबर दहा लाखांचा विमा येतो. व्हिजिट व्हिसावर जाणारा या सगळ्यातून निसटतो आणि मग काही झालं तर त्याची कुठेच नोंद नसते. सरकारलाही विचारायला हवं की जो माणूस सगळ्यांत जास्त धोक्यात आहे तोच विम्याच्या बाहेर का. दूतावासांमध्ये अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून एक कल्याण निधी आहे. त्यातून राहण्या-जेवण्याची आणि तिकिटाची मदत होऊ शकते. किती जणांना हे माहीत आहे? मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात, तिथे खाली दूतावासाचा फोन नंबर लिहायला काय हरकत आहे?

आणि तिसरं काम घरातलं. त्याला जमात लागत नाही, पैसाही लागत नाही. फोनवर ‘व्हिसा आला का’ एवढंच विचारणं बंद करावं. ‘जेवलास काय’ विचारल्यावर जे उत्तर येईल ते खरं असायला वाव द्यावा. ‘नाही जमलं तर ये परत, आम्ही आहोत’ हे वाक्य आईच्या, बापाच्या, बायकोच्या तोंडून एकदा जरी गेलं तरी समोरच्या माणसाचं अर्धं ओझं उतरतं. हार घालायचेच असतील तर जाताना नकोत, परत आल्यावर घालावेत. रिकाम्या हाताने परत आलेल्यालाही.

आमचे वाडवडील जहाजांवर जायचे तेव्हा महिनोन् महिने पत्र येत नसे, पण जहाज कुठे आहे हे बंदरातल्या कुणाला तरी ठाऊक असायचं. आज आपला मुलगा दिवसातून चार वेळा फोन करतो आणि तो कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं. पुढच्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडाल तेव्हा आठवी ओळ मोकळी सोडू नका. तुमच्या ओळखीतलं कुणीतरी आत्ता कुठल्यातरी काउंटरवर यादीत आपलं नाव शोधत असेल. त्याला आधी फोन करा.